मोजणीच्या कामासाठी स्वस्त सायंटिफिक कॅल्क्युलेटर : हिशेबाला पक्का, पडद्याला कच्चा

लातूरच्या बाजारात हजार रुपयांच्या आत मिळणारा हा कॅल्क्युलेटर सिव्हिल डिप्लोमाचे विद्यार्थी आणि प्लॉटिंगची मोजणी करणारी मंडळी घेतात, त्यामुळे त्याची पारख मुख्यतः कोनांच्या हिशेबावर व्हायला हवी.

कोनाच्या एका एककातून दुसऱ्या एककात रूपांतर करण्याबाबत तक्रारीला जागा नाही. पूर्ण वर्तुळ म्हणजे ३६० अंश, ४०० ग्रेडियन किंवा २π रेडियन. लातूरच्या गंजगोलाई या गोलाकार बाजारपेठेला येऊन मिळणारे १६ रस्ते कागदावर समान कोनांत मांडले, तर शेजारच्या दोन रस्त्यांत २२.५ अंशांचा कोन येतो. मोड ग्रेडियनवर ठेवून २२.५ पुढे अंशाचे चिन्ह जोडले, की पडद्यावर नेमके २५ उमटतात; रेडियनवर ०.३९२६९९०८, म्हणजेच π भागिले ८. ग्रेडियनचे आपल्याकडे फारसे काम पडत नाही, हे खरे.

जास्त उपयोग होतो तो अंश-मिनिट-सेकंदांच्या कळीचा. थिओडोलाइटवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुर्बिणीच्या यंत्रावर, वाचलेला ४५ अंश ३० मिनिटांचा कोन घाईघाईत ४५.३० असा भरणारे पुष्कळ आहेत, वास्तविक ४५.३० अंश म्हणजे ४५ अंश १८ मिनिटे होतात. बारा मिनिटांच्या या फरकाने १०० मीटरवरचा बिंदू सुमारे ३५ सेंटिमीटर सरकतो, आणि बांधाच्या भांडणात भावाभावांना तहसील गाठायला एवढे अंतर पुरते. या कळीमुळे तिन्ही आकडे वेगवेगळे भरता येतात आणि उत्तर दशांशातही पाहता येते.

दोष पडद्याचा आहे. चालू मोड दाखवणारे अक्षर वरच्या कडेला इतके बारीक आहे, की शिवारात भर उन्हात ते दिसतच नाही. त्यातच बंद करून पुन्हा सुरू केला तरी आधीचा मोड कायम राहतो. साइन ३० चे उत्तर अंशांत ०.५, रेडियनमध्ये उणे ०.९८८ आणि ग्रेडियनमध्ये ०.४५४ येते. उणे उत्तर लगेच खटकते, ०.४५४ मात्र बिनबोभाट खपून जाते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी साइन ३० काढून पाहण्याची सवय असावी.

टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, वापरणाऱ्यांना हा केवळ पडताळणीपुरता लागेल. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी या किमतीत घ्यायला हरकत नाही, फक्त दुकानाबाहेर उन्हात पडदा वाचून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.