पहिल्या पगाराला वेसण: टपाल खात्याची आवर्ती ठेव

पदवीनंतर नोकरी लागली की पहिला पगार जमा होताच नव्या फोनच्या बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिराती खुणावू लागतात आणि पुढे एमबीए करण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम तिथेच खर्ची पडते. अशा तरुणांसाठी टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्ती ठेव (आरडी), म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची योजना, मला आजही उपयुक्त वाटते. दरमहा किमान १०० रुपयांपासून ती उघडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेल्या ६.७ टक्के दराने, दरमहा ५,००० रुपये भरल्यास, ३ लाखांचे मुदतीअखेर सुमारे ३ लाख ५७ हजार होतात. यात कोणी श्रीमंत होत नाही, हे उघड आहे. तिचा खरा गुण आडमुठेपणात आहे: तीन वर्षांच्या आत खाते मोडता येत नाही, नंतर मोडल्यास केवळ बचत खात्याचा दर मिळतो आणि हप्ता चुकल्यास शंभरामागे दरमहा एक रुपया दंड बसतो. खाते १५ तारखेच्या आत उघडावे, म्हणजे पुढचे हप्तेही १५ तारखेपर्यंतच, पगार हातात असतानाच भरावे लागतात. मात्र दोन वर्षांतच प्रवेश घ्यायचा बेत असेल, तर मुदत निवडता येणारी बँकेची आवर्ती ठेव अधिक सोयीची ठरेल.