दहा महिने क्यूएमू-इमेज वापरल्यावर: ४२४ केबीची गोष्ट

गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयाच्या संगणकाची एसएसडी गेली. आवाज नाही, कुरकुर नाही, सरळ गेली. बॅकअप होता, त्यामुळे रडायचं कारण नव्हतं. पण नवी एसएसडी सोमवारी येणार, आणि शनिवार-रविवार म्हणजे आमचे गर्दीचे दिवस. म्हटलं, तीन दिवस तीच मशीन क्लाउडवर उभी करू. डिस्कची फाइल हातात आहे, रूपांतर करायची, चढवायची, चालू. त्यात आहे काय? त्यात रात्रीचा दीड वाजला, आणि वाजला तो ४२४ केबीपायी.

तेव्हा हा अनुभव क्यूएमूबरोबर येणाऱ्या क्यूएमू-इमेज या अवजाराचा, दहा महिन्यांच्या वापरानंतरचा. क्यूएमू म्हणजे एका संगणकात दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, आणि क्यूएमू-इमेज त्या आभासी मशीनच्या डिस्कची फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलतं. रॉ म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, क्यूकाउ-टू म्हणजे भरलेल्या भागापुरतीच जागा घेणारी फाइल. याहून खोलात शिरत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोद्यात घराघरांच्या अंगणातून मगरी पकडून नेत होते, आणि आम्ही काही जण गुडघाभर पाण्यात उभे राहून पुस्तकं माळ्यावर चढवत होतो. पुस्तकं बरीचशी वाचली, तळमजल्यावरचा संगणक वाचला नाही. चौदा हजार पुस्तकांची यादी आणि सभासदांच्या वर्गण्या एका पेनड्राइव्हवर होत्या म्हणून निभावलं. त्यानंतर समितीनेच ठराव केला की यादी आता क्लाउडवर. डेबियन लिनक्सची छोटी मशीन, २० जीबी डिस्क. कोणता क्लाउड ते लिहीत नाही.

पहिलं बिल आलं तेव्हा खजिनदार काका काही बोलले नाहीत. चौथं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. दर डॉलरमध्ये, बिल रुपयात, वर १८ टक्के जीएसटी, आणि रुपया घसरला की आमचं भाडं आपोआप वाढणार. "पुस्तकं आपली, यादी आपली, मग भाडं कुणाला भरतोय आपण?" असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांच्या हिशेबात दोन महिन्यांच्या भाड्यात अख्ख्या समितीची शेवउसळ होते, पावासकट. यंत्र घरी आणायचं ठरलं, या वेळी पहिल्या मजल्यावर.

इथे क्यूएमू-इमेज आयुष्यात आलं. क्यूएमू फाब्रिस बेलारने २००३ मध्ये सुरू केलं, तेव्हापासून ते मुक्त आणि फुकट आहे. फुकट म्हटल्यावर काकांना संशय आला, तो अजून गेलेला नाही.

क्लाउडवरून डिस्क रॉ स्वरूपात उतरवली. २० जीबीची फाइल. एका ओळीच्या आज्ञेने तिची क्यूकाउ-टू केली, आणि इन्फो विचारल्यावर आलेलं उत्तर मी काकांना बोलावून दाखवलं: आभासी आकार २० जीबी, प्रत्यक्ष जागा ३ जीबीच्या आसपास. काका म्हणाले, "म्हणजे डबा वीस किलोचा, पीठ तीन किलो." याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. मग कंपेअर नावाची उपआज्ञा चालवली. ती दोन्ही फाइली आतून ताडून बघते आणि सांगते की मजकूर तंतोतंत एक आहे. मला तर ते वाक्य पाहून परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

आणि मशीन सुरूच होईना.

रूट डिस्क, म्हणजे जिच्यावर सगळी प्रणाली असते ती, सापडत नाही म्हणून बिचारी इनिटरॅमएफएसच्या (सुरू होताना आधी चढणारी, ड्रायव्हर असलेली छोटी प्रणाली) कवचात येऊन बसायची. दोन दिवस मी रूपांतराला शिव्या घातल्या, तीनदा फाइल नव्याने बनवली. दोष तिथे नव्हताच. क्लाउडवर असताना बूट विभागात जागा कमी पडते म्हणून मीच इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स "मोस्ट" ऐवजी "डेप" केलं होतं. म्हणजे समोर आहे त्याच हार्डवेअरचे ड्रायव्हर ठेव, बाकीचे काढ. क्लाउडवर डिस्क एनव्हीएमई (एसएसडी जोडायची एक पद्धत) म्हणून दिसायची, घरी मी ती व्हर्टायओ (आभासी मशीनसाठीची जोडणी) म्हणून जोडत होतो, आणि व्हर्टायओचा ड्रायव्हर माझ्याच काटकसरीने गेलेला. काकांना नावं ठेवायला मी पुढे, आणि चाळीस-पन्नास एमबी वाचवायला स्वतःच घराची किल्ली फेकून दिली.

उपाय मात्र झकास आहे. क्यूएमूला सांगता येतं की ही डिस्क पाहुण्या मशीनला एनव्हीएमई म्हणूनच दाखव. तशी दाखवली, मशीन पहिल्या फटक्यात उठली. मग आतून मॉड्यूल्स परत "मोस्ट", इनिटरॅमएफएस पुन्हा बांधलं, बंद करून व्हर्टायओवर जोडलं, चालू. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहिलेला होता, म्हणून तिथे काही अडलं नाही. ज्यांनी नाव लिहिलं असेल त्यांनी हलवण्याआधी बदलून घ्या.

अर्थात उठली हे मला अर्धा तास कळलंच नाही. पडदा काळा. क्लाउडच्या मशीनचा कन्सोल, म्हणजे तिचे संदेश, पडद्याऐवजी सीरियल पोर्टवर वळवलेला असतो, त्यामुळे ती सगळं बोलत होती, फक्त भलत्या खिडकीत. शिवाय क्लाउड-इनिट, म्हणजे क्लाउडवर मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम, दर वेळी १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मालकाला, म्हणजे क्लाउडला, हाका मारत बसायचं. तिथे कोण असणार? ईटीसीमधल्या क्लाउड फोल्डरात क्लाउड-इनिट डॉट डिसेबल्ड नावाची रिकामी फाइल टाकली की ते गप्प बसतं. नेटवर्क कार्डाचं नाव बदलल्यामुळे गेलेलं नेट ही किरकोळ गोष्ट, दोन ओळींत सुधारली.

त्यानंतर आठ-नऊ महिने तक्रार नाही. दर रविवारी मशीन बंद करून दाबलेली क्यूकाउ-टू प्रत काढायची आणि ती डिस्क काकांच्या कपाटात. तुम्ही मला दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते आणि हे सगळं लिहायच्या भानगडीत पडलो नसतो.

आता तो शुक्रवार. या वेळी मायक्रोसॉफ्टचा क्लाउड, अझूर निवडला, आणि तिथला नियम लेखी आहे, कुणी लपवलेला नाही: फाइल व्हीएचडी (डिस्क फाइलचं आणखी एक स्वरूप) हवी, तीही फिक्स्ड म्हणजे पूर्ण आकाराची, नवं व्हीएचडीएक्स स्वरूप चालणार नाही, आणि आभासी आकार पूर्ण एमबीत हवा. मी नियम वाचला. २० जीबी पूर्ण एमबीतच आहे, म्हटलं झालं.

क्यूएमू-इमेजला सांगितलं, व्हीएचडी कर. म्हणे असं स्वरूप मला माहीत नाही. माहीत आहे हो, पण त्याच्या घरी त्याचं नाव व्हीपीसी! व्हर्च्युअल पीसी या जुन्या उत्पादनावरून ठेवलेलं. सगळं जग व्हीएचडी म्हणतं, फाइलचं शेपूट व्हीएचडी, आणि हे अवजार मात्र आजोबांच्या नावानेच हाक मारणार. बरं, व्हीपीसी तर व्हीपीसी, उपप्रकार फिक्स्ड सांगितला. फाइल झाली. आमच्या फायबरवर तासाहून जास्त वेळ घेऊन चढली. नाकारली गेली. चढताना काही बिघडलं असेल म्हणून तीच फाइल पुन्हा चढवली. पुन्हा तेच.

मग फाइलवर इन्फो चालवून आकडा अंकाअंकाने वाचला. २० जीबी म्हणजे २१,४७,४८,३६,४८० बाइट. माझ्या व्हीएचडीचा आभासी आकार होता २१,४७,५२,७०,६५६. फरक ४,३४,१७६ बाइटचा, म्हणजे ४२४ केबी. हे आले कुठून? जुन्या व्हीएचडीच्या हिशेबात डिस्क सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांत मोजतात. इथे १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे एक सिलिंडर ५०४ केबीचा. २० जीबीत ४१,६१० सिलिंडर बसतात आणि वर थोडं उरतं. ते थोडं सामावायला क्यूएमू-इमेज एक अख्खा सिलिंडर वाढवतं. फिरणाऱ्या तबकड्या कधीच नव्हत्या अशा डिस्कला सिलिंडर पुरा पडावा म्हणून माझे अडीच तास!

तोडगा एका शब्दाचा आहे: फोर्स-साइज. उपप्रकार फिक्स्ड, स्वल्पविराम, फोर्स-साइज, मधे अंडरस्कोर. मग आकार सांगितला तेवढाच राहतो. तिसऱ्यांदा चढवली, दीड वाजता मशीन उठली, शनिवारी सकाळी वाचनालयातल्या ताईंना काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

रागाच्या भरात त्या रात्री मी इथे एक तारा देणार होतो. दुसऱ्या दिवशी अवजाराची हेल्प उघडली, तर फोर्स-साइज तिथे व्यवस्थित लिहिलेलं. मी वाचलं नव्हतं, एवढंच. आणि आकार वाढवण्यामागेही कारण आहे: जो जुना एम्युलेटर सिलिंडर मोजून आकार ठरवतो त्याला डिस्कचं शेवटचं टोक कापलेलं दिसू नये. म्हणजे त्याची सवय सांभाळून घेण्यासाठी आहे. तरी माझं म्हणणं कायम आहे की फिक्स्ड सांगितल्यावर एक ओळीचा इशारा द्यायला काय जातं? आकार वाढवलाय बाबा, एवढंच.

सोमवारी नवी एसएसडी आली, व्हीएचडी परत उतरवली, आणि त्याच फाइलने दुसऱ्या बाजूने चिमटा काढला. फिक्स्ड व्हीएचडी म्हणजे आख्खी रॉ डिस्क आणि शेवटी ५१२ बाइटची शेपटी. त्या शेपटीची सुरुवात "conectix" अशा आठ इंग्रजी अक्षरांनी होते. व्हर्च्युअल पीसी बनवणाऱ्या Connectix कंपनीचं नाव. नावात अक्षरं नऊ, जागा आठांची, म्हणून एक एन गायब. हे हेक्समध्ये बघताना राग खरंच थोडा उतरला. पण क्यूएमू-इमेज ओळख पटवायला फाइलचं तोंड बघतं, शेपटी नाही. स्रोत कोणत्या स्वरूपात आहे हे मी सांगितलं नव्हतं, तर त्याने काही न बोलता फाइल रॉ धरली आणि शेपटीसुद्धा डिस्कचा भाग म्हणून आत घेतली. मशीन चालली. फक्त कर्नल सुरू होताना कुरकुरू लागला की जीपीटीची, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या नकाशाची, दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला नाही. नसणारच, टोकाला ५१२ बाइट भलतेच. स्रोत व्हीपीसी आहे असं स्पष्ट सांगून पुन्हा रूपांतर केलं, कुरकुर बंद.

तेव्हा घेणाऱ्यांनो, स्रोताचं स्वरूप दर वेळी सांगा. अवजाराची आवृत्ती बघा: २.२.१ पासून पुढच्या काही आवृत्त्यांत व्हीएचडी बिघडत होती, ते २.६ मध्ये सुधारलं. जुन्या सर्व्हरवर अजून तसली सापडते. जागा दुप्पट ठेवा, कारण रूपांतर मूळ फाइलीला हात लावत नाही, शेजारी नवी बनवतं. हे तेव्हा खटकलं, आता बरं वाटतं. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल बसणार नाही. गूगलच्या क्लाउडवर जायचं असेल तर फाइलचं नाव डिस्क डॉट रॉच हवं, आकार पूर्ण जीबीत, आणि ती टार करून (एका गठ्ठ्यात बांधून) जीझिप केलेली (दाबलेली). तिथे मात्र सिलिंडरांचा त्रास नाही.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो ४२४ केबीचा, हेल्प न वाचल्याची माझी चूक धरूनही.

मागच्या रविवारी रंगीत तालीम केली: काकांच्या कपाटातली डिस्क ते क्लाउडवर चालू मशीन, एक तास पन्नास मिनिटं. लगेच पुसूनही टाकली. काकांनी घड्याळ लावलं होतं. मग त्या दोन तासांचं भाडं किती झालं ते विचारलं, आणि पावती मागितली.