बटण कुठं ठेवावं? तीन पुस्तकं आणि आमचे दिवाणजी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं. हिशोब पैशाला चुकत नव्हता. पण 'सेव्ह'ला चिकटून 'रद्द', दोन्ही निळी. ऐन सौद्याच्या गडबडीत दिवाणजीकाकांनी चाळीस पोत्यांची पट्टी भरली आणि रद्द दाबलं. "काका, बघून दाबा की," वर मीच त्यांना बोललो. त्या रात्री स्क्रीनची मांडणी कशी करावी यावरची पुस्तकं शोधायला लागलो.

जो तो आधी डॉन नॉर्मनचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' वाच म्हणतो. १९८८ चं पुस्तक. घ्यायचं तर २०१३ ची सुधारित आवृत्ती घ्या. त्यात स्क्रीन कमी. दारं, नळ, शेगड्याच जास्त. बर्नर चौकोनात आणि बटणं एका ओळीत असली की कुठलं कशाचं ते कळत नाही, हे वाचताना आमच्या स्वयंपाकघरातली शेगडीच दिसली. माणूस चुकला तर आधी रचनेत खोट शोधा, हे वाचून काकांसमोर जायची लाज वाटली. तरीही नवख्यानं इथून सुरुवात करू नये. मध्ये फार रेंगाळतं.

आधी स्टीव्ह क्रगचं 'डोन्ट मेक मी थिंक' घ्या. कोयना एक्स्प्रेसमध्ये सांगलीला उघडलं, पुणं यायच्या आत संपलं. उदाहरणं जुन्या वेबसाइटींची आहेत, ती चाळली तरी चालतील. चाचणीचं प्रकरण मात्र सोडू नका: तीनच माणसं बसवा, काम द्या आणि गप्प बघत राहा. मी काका, शेठ आणि शेठचा पुतण्या यांना बसवलं. गप्प बसणं हेच अवघड! काकांचं बोट 'एकूण'वर थांबलं. "हे पोती म्हणायचं का पैसे?" सहा महिने तो शब्द तिथंच होता.

'रिफॅक्टरिंग यूआय' (यूआय म्हणजे वापरणाऱ्याला स्क्रीनवर दिसणारी मांडणी) हे अ‍ॅडम वॅदन आणि स्टीव्ह शोगर यांचं, खास प्रोग्रामरांसाठी. किंमत डॉलरमध्ये, खिशाला लागते. पण एक गोष्ट उठून दिसायला हवी तर बाकीच्या फिक्या करा, हे तिथं पटलं. हमाली-तोलाई करडी केली, शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम ठळक. रद्द पार डाव्या कोपऱ्यात गेलं.

देवनागरीबद्दल मात्र तिन्हींत काही नाही. ओळी जवळ ठेवल्यानं ऊकार खालच्या रेघेत बुडत होता आणि काका 'तूट'ला 'तट' वाचत होते.