शाळेतला आदिवासी पालक गट: पालकांना उपयोगाचा, स्टाफला नुसता देखावा

शाळेचं नाव लिहीत नाही. खाली थोडं कडू आलंय आणि पोरगा अजून तिथेच सहावीत आहे. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातली इंग्रजी माध्यमाची शाळा, एवढं पुरे. बरीच मुलं आसपासच्या गावांतून बसने येतात. वसतिगृहात मात्र आदिवासी विकास विभागाच्या नामांकित शाळा योजनेतून आलेली मुलं, धडगाव, मोलगी, तोरणमाळकडची. त्यांची फी सरकार भरतं, आमची आम्ही. मी पावरा आदिवासी, माहेर धडगावकडचं, नोकरी ए.एन.एम.ची, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सरकारी नर्सची.

गेल्या वर्षी शाळेने आदिवासी कुटुंबांसाठी एक आणि आदिवासी कर्मचाऱ्यांसाठी एक, असे दोन गट सुरू केले. कल्पना समुपदेशक मॅडमची. अमेरिकेतल्या शाळांत काळ्या कुटुंबांचा वेगळा, आशियाई कुटुंबांचा वेगळा असे गट असतात. आपल्यातल्या आपल्यात मोकळं बोलायचं आणि मग ते शाळेपर्यंत न्यायचं, असं त्यांनी सांगितलं. मी तोंडावरच म्हटलं, "मॅडम, आम्हाला वेगळं बसवायला आजवर कोणाला अमेरिकेची गरज पडली नव्हती." त्या म्हणाल्या, "सिस्टर, एकदा येऊन तर बघा."

नेहमीची पालकसभा कशी असते ते सांगते, म्हणजे फरक कळेल. पुढच्या दोन रांगा ठरलेल्या लोकांच्या. विषय बसची फी, गॅदरिंगची वर्गणी, मग मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत विचारतात, "कोणाचं काही?" वसतिगृहातल्या मुलांचे आईबाप मागे भिंतीला टेकून उभे. चपला दाराबाहेर काढलेल्या, तेवढ्या त्यांच्याच. सरकारी शाळेत कायद्याने व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. खासगी विनाअनुदानित शाळेला ती लागू नाही. इथे पालक-शिक्षक संघाची कार्यकारिणी चिठ्ठ्या टाकून निवडतात, आणि चिठ्ठी निघाली तरी मोलगीहून दर वेळी येणार कोण?

गटाच्या पहिल्याच बैठकीत हजेरीचा विषय निघाला. एकेका वर्गात एकाच आडनावाची बरीच पोरं: पाच-सहा पावरा, तीन-चार वसावे, दोन पाडवी. एक शिक्षक नावं न घेता "पावरा एक, पावरा दोन" अशी हाक मारायचे. एका वडिलांनी सांगितलं, पोरगी सुटीत घरी आली की धाकट्याशी शाळा-शाळा खेळते आणि त्याला "वसावे तीन, उभा राहा" म्हणते. आधी सगळे हसले. मग एकेकाने आपल्या पोराचा नंबर सांगायला सुरुवात केली. मॅडमनी ते लिहून मुख्याध्यापकांना दिलं आणि पुढच्या सोमवारपासून हजेरी पहिल्या नावाने सुरू झाली. पालकसभेत हे दहा वर्षांत झालं नसतं, कारण तिथे हे सांगायला कोणी तोंडच उघडलं नसतं.

दुसरी गोष्ट माझ्या कामातली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका आईने सांगितलं, पोराला सिकलसेल आहे, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. नुसता वाहक नाही, आजारच. पी.टी.च्या सरांनी त्याला उन्हात मैदानाच्या चकरा मारायला लावल्या आणि पाय दुखतात म्हटल्यावर "नाटकं करू नकोस" म्हणाले. ही बाई चार लोकांत हे बोलणं शक्यच नव्हतं. घरात मोठी मुलगी लग्नाची आहे आणि सिकलसेलचं नाव निघालं की स्थळं परत जातात. मी तिथेच सगळ्यांना समजावलं. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, दमवायचं नाही, आणि ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, 2047 पर्यंतचं लक्ष्य ठेवलं. आम्ही गावोगाव तपासण्या करतो, कार्डं देतो. पण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत आणि पोरगा मैदानावर, अशी गत. आता त्या वर्गाच्या पी.टी.च्या वहीत नोंद आहे आणि मुलाच्या बाकावर पाण्याची बाटली असते.

याच बैठकीवरून शाळेने माती खाल्ली. रात्री वृत्तांत व्हॉट्सअॅपवर आला आणि त्यात मुलाचं नाव, वर्ग, आजार, सगळं. ग्रुपमध्ये ऑफिसातले लिपिकही. मी मॅडमना फोन करून मेसेज उडवायला लावला, तोवर ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला होता. त्या बाईने येणंच बंद केलं. आता वृत्तांतात फक्त विषय असतो, नाव नसतं. पण हे शहाणपण तिच्या खर्चाने आलं, आणि शाळेतून कोणी तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोललेलं नाही.

गॅदरिंगवर तर गटातच जुंपली. दरवर्षी "आदिवासी नृत्य" म्हणून पोरांच्या तोंडाला काळं फासून, कमरेला पानं बांधून नाचवत. ते बंद करा, यावर सगळ्यांचं एकमत. मग त्याऐवजी काय? कोणी म्हणालं, काठी गावच्या होळीत व्रत घेऊन नाचणाऱ्या बुध्यांसारखं करू: मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, घुंगरू. अक्कलकुव्याकडचे एक वडील ताडकन उठले, "तो व्रत पाळून घालायचा वेश आहे, स्टेजवरचा नाही." खरं होतं. शेवटी ढोलावर साधा होळीचा नाच, घरच्या कपड्यांत. बाहेरच्यांना आम्ही सगळे एकच वाटतो. पावरा, भिल्ल, कोकणी (कोकणातले नव्हेत, आमच्याकडची जमात), मावची एका खोलीत बसले की एकमेकांची बोली पुरती कळत नाही आणि सगळे मराठीतच भांडतात.

जात पडताळणीचं ज्ञान इथे फुकट मिळतं. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 आधीचा पुरावा, काकाची व्हॅलिडिटी असेल तर ती जोडा, बारावीची वाट न बघता आठवीपासून कागद जमवा. एजंटाला पैसे देण्याआधी एकदा इथे येऊन बसा.

स्टाफच्या गटाबद्दल फार लिहायला नाही. शिक्षकांत आदिवासी अगदी थोडे; बाकी मावश्या, शिपाई, ड्रायव्हर, स्वयंपाकी. बैठक जेवणाच्या सुटीत, आणि सुपरवायझर "फक्त ऐकायला" खुर्ची टाकून बसलेले. कोण बोलणार? एक मावशी म्हणाली, पगार वेळेवर होतो. वृत्तांतात तेवढंच आलं. गेटवर तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, मुकादमासमोर मजुरीचं बोलतात का कोणी?" सुपरवायझरना बाहेर काढा, नाहीतर हा गट बंद करा.

गेटवरच एका पालकांनी मला विचारलं, "आमचा का नाही गट? पोरांत भेद करताय तुम्ही." प्रश्न अगदीच फालतू नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली गावात 2021 मध्ये, अटलांटातल्या गोळीबारात आशियाई बायका मारल्या गेल्यानंतर, शाळेने आशियाई आणि इतर गौरेतर मुलांसाठी वेगळी बैठक ठेवली. त्यावर पालकांची एक संघटना कोर्टात गेली आणि 2022 मध्ये तडजोड झाली, की असे गट सगळ्यांना खुले असल्याचं शाळेने सांगायचं. आमच्याकडेही दार लावलेलं नसतं. एक पाटील आई, जिचा नवरा कोकणी आहे, नेमाने येते. त्या पालकांना मी एवढंच म्हटलं, "भाऊ, तुमचा गट आहे की. पुढच्या दोन रांगा."

जाणाऱ्यांसाठी: बैठक दुसऱ्या शनिवारी दुपारी अडीचला, चित्रकलेच्या खोलीत. दाखला मागत नाहीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले आईबाप होळीशिवाय येत नाहीत, त्यांना फोनवर जोडून घ्या असं आम्ही लेखी दिलंय, अजून काही झालेलं नाही. आणि वर धडगावकडे परतणाऱ्यांनी गाडीची वेळ बघून उठावं. मॅडम चारला आटोपतो म्हणतात, पाच होतातच.