लाल कॅलिपर, काळी डिस्क आणि माझे १७,८०० रुपये

माझी पिकअप २०११ ची. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. उन्हाळा लागला की मी नागपूरचे कूलर छिंदवाड्याला पोचवतो आणि येताना आलूचे कट्टे भरून आणतो. कूलर म्हणजे नुसता पत्रा आणि हवा, वजन काही नाही. खरं ओझं परतीच्या फेरीत असतं, आणि सिल्लेवानीचा घाट उतरायचा असतो तोही परतीच्याच फेरीत.

मार्चमध्ये ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं. पहिल्यांदा दाबलं की अर्ध्याच्या खाली, दोनदा पंप केलं की वर. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही आठवड्याला बोटभर उतरायची. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की शहाणा मिस्त्री आधी चारही चाकांच्या आतून हात फिरवून ओल शोधतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माझे नेहमीचे मिस्त्री, काटोल नाक्याजवळचे काका, पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. कूलरचा सीझन तोंडावर, आठ दिवस गाडी उभी ठेवायची कशी? म्हणून एका ओळखीच्या ड्रायव्हरने सांगितलेल्या दुकानात गेलो. स्पेअर पार्टही तिथेच, फिटिंगही तिथेच. नाव लिहीत नाही, पण पाटी मोठी आहे.

मालकाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, या मॉडेलचे ब्रेक कंपनीपासूनच कमजोर आहेत ना बा. नव्या मॉडेलची मोठ्या डिस्कची किट टाकून घ्या. डिस्क, कॅलिपर, पॅड, सगळा ओरिजिनल माल. दहा वर्षं पाहाचं काम नाही." डिस्क चाकाबरोबर फिरते आणि कॅलिपर चिमट्यासारखा तिच्यावर पॅड दाबतो; मागच्या ड्रममध्ये पॅडचं काम लायनर करतो. किट बाहेर २६,००० ला मिळते म्हणे, मला मागच्या लायनरसकट १७,८०० मध्ये. पोऱ्याने चाक खोलून एक पॅड आणून माझ्या हातात दिला. पापडासारखा झिजलेला. तो माझ्याच गाडीचा होता का, याची शपथ आज घेता येत नाही, कारण चाक खोलताना मी चहाच्या टपरीवर होतो. तिकडे मला मालकानेच पाठवलं होतं. "बसा ना निवांत, चहा घेऊन या."

संध्याकाळी गाडी तयार. पुढच्या चाकांच्या फटीतून लालभडक कॅलिपर दिसत होते, रेसच्या गाडीसारखे. खरं सांगायचं तर तो लाल रंग पाहूनच मी भुललो. घरी पोरालाही दाखवला. पेडलही वर आलेलं, कारण हवा काढून ऑइल भरलं की दोनचार दिवस तसं येतंच. जुना माल मागितला तर म्हणाला, "भंगारवाला घेऊन गेला भाऊ, आत्ताच." १२,००० मोबाइलवरून दिले, बाकी रोख. मोबाइलवर खात्याचं नाव भलत्याच माणसाचं आलं. विचारलं, तर साल्याचं खातं आहे म्हणे.

तिसऱ्या फेरीला घाटात फसलो. घाट ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचा, हे गेल्या अठरा वर्षांत मी दहा जणांना शिकवलं असेल. त्या दिवशी नव्या ब्रेकच्या मस्तीत तिसऱ्यावर उतरत होतो. चौथ्या-पाचव्या वळणावर रेक्झिन जळल्यासारखा वास आला. पुढच्या वळणाला पाय दाबला, तर पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी रुकतच नाही. ऑइल उकळलं असतं तर त्याची वाफ होऊन पेडल खाली बसलं असतं. इथे पेडल पायाला अडवत होतं आणि गाडीला सोडून देत होतं. म्हणजे पॅडनीच दम सोडला होता. गिअर दुसऱ्यावर आणला, हॅन्डब्रेक खेचला, आणि डोंगराच्या बाजूने मुरमाचा ढीग होता त्यात गाडी घातली. डावा हेडलाइट आणि बंपर गेला. मागे बाइकवर एक जोडपं येत होतं, ते अगदी घासून निघून गेलं. खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते आणि चाकातून धूर निघत होता.

तोवर काका परतले होते. गाडी टो करून त्यांच्याकडे आणली. त्यांनी एकेक वस्तू काढून जुन्या पेपरवर मांडली. आधी पॅड. डिस्कला घासणारा मसाला लोखंडी पट्टीपासून कडेने सुटलेला, नखाने खरवडला तर खापरासारखा भुगा. पट्टीवरचा नंबर घासलेटच्या बोळ्याने पुसला गेला. त्याच कंपनीचा खरा पॅड काकांच्या कपाटात होता, त्यावर नंबर पत्र्यात ठोकलेला. मी म्हणालो, पॅडची डबी तर अस्सल होती, स्टिकरसकट. काका हसले. "डबी अस्सलच असते रे. रिकाम्या डब्या भंगारात विकत भेटतात."

मग डिस्क. किमान जाडी किती चालते तो आकडा डिस्कवर ओतलेला असतो. माझ्या दोन्ही डिस्कवर नेमक्या त्या जागी ग्राइंडर फिरवलेला होता. वरून काळा स्प्रे. काकांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावून दाखवला, मधला भाग कडेपेक्षा चांगलाच पातळ. कुठल्या तरी गाडीतून काढलेल्या, लेथवर घासून सपाट केलेल्या डिस्क होत्या. पातळ डिस्क लवकर तापते, आणि त्यावर तो मसाला.

आणि "मोठी डिस्क"? काकांनी कॅलिपरवर पाना वाजवला. "ब्रॅकेट तुझं, कॅलिपर तुझा, चाक तुझं. मग यात मोठी डिस्क बसली कशी? याले फक्त रंग मारला." खरंच, लाल रंगाखाली माझ्याच कॅलिपरचा गंज होता, आणि हवा काढायच्या नट्टूवर काकांनीच मागे बसवलेली निळी टोपी, तीही लाल रंगात बुडालेली.

मागची चाकं तर त्या दुकानात खोललीच नव्हती. ड्रमवर मागच्या पावसाळ्यातला चिखल तसाच सुकलेला होता, आणि बिलात मागच्या लायनरचे २,२०० लावलेले. डावा ड्रम काढला तेव्हा मूळ रोग सापडला. ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर ऑइलने ओलेचिंब. एवढंच दुखणं होतं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर, लायनर, नवीन ऑइल आणि मजुरी धरून काकांनी ३,९०० घेतले. पुढचे खरे पॅड वेगळे.

एक चूक माझीही निघाली, तीही लिहितो. दोन वर्षांपूर्वी जास्त माल भरता यावा म्हणून मी मागच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला होता. मागच्या ॲक्सलपाशी एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो, बॉडी किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला प्रेशर सोडतो. पाटे कडक केले की बॉडी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागचं प्रेशर कमी ठेवतो आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. त्यामुळे माझे पुढचे ब्रेक आधीपासूनच जास्त तापत होते. कमजोर ब्रेक कंपनीने दिले नव्हते, मीच केले होते. पाटे काढून टाकले.

मोठ्या डिस्कचं म्हणाल तर, ती खरी असती तरी अडचणच होती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, आणि मूळ रचनेत परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो. हे मला आरटीओच्या दारातल्या एजंटने सांगितलं, तेही चहा पाजल्यावर.

बिल घेऊन दुकानात गेलो. "ओव्हरलोड केली असेल तुम्ही. ब्रेकच्या मालाची गॅरंटी नसते." बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून पाहिला, चालेना. मोजला तर अक्षरं १४. असली नंबर १५ चा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. तक्रार नोंदवली, बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा मागितला. बिल नकली आणि पैसे साल्याच्या खात्यात. तरी मोबाइलच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि काकांनी लिहून दिलेलं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतो आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, म्हणून घाई केली नाही, पण फाइल तयार आहे.

बिल घेऊन गेलो त्या दिवशी दुकानातून निघताना मागच्या शेडमध्ये तारेला टांगलेल्या दोन डिस्क दिसल्या. नुकता काळा स्प्रे मारलेला, अजून ओला. एकीच्या कडेला छन्नीच्या तीन खुणा होत्या. काका माझ्या प्रत्येक पार्टवर तीनच खुणा मारतात. आकड्याच्या जागी ग्राइंडर अजून फिरला नव्हता, किमान जाडीचा आकडा वाचता येत होता, आणि डिस्क त्याहून चांगलीच जाड होती. पोऱ्याला विचारलं, कितीला देतो? मालक फोनवर होता. पोऱ्या म्हणाला, जोडी ८०० ला न्या. मी ८०० रुपये मोजले आणि माझ्याच डिस्क खांद्यावर टाकून निघालो, शर्टाला काळा रंग लागला तो अजून निघाला नाही. त्या ८०० चंही बिल मिळालं नाही.