बुर्गोसचे मानवी उत्क्रांती संग्रहालय: प्रतिकृती नव्हे, मूळ हाडे

उत्तर स्पेनमधील बुर्गोस शहरात २०१० साली सुरू झालेले मानवी उत्क्रांती संग्रहालय मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे, ते मुख्यतः तळघरातील दालनासाठी. जवळच्या आतापुएर्का टेकड्यांतील गुहांमधून निघालेले मूळ मानवी जीवाश्म येथे मांडलेले आहेत. एरवी बहुतेक संग्रहालयांत अशा जागी प्रतिकृतींवरच समाधान मानावे लागते.

त्यातील सर्वांत विलक्षण साठा ‘सिमा दे लोस उएसोस’ या सुमारे १३ मीटर खोल उभ्या विवरातून आला आहे. तेथे किमान २८ व्यक्तींची हजारो हाडे मिळाली असून ती सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची आहेत. १९९२ साली सापडलेल्या ‘मिगेलॉन’ नावाच्या कवटीपुढे घाई करू नये, कारण दातांच्या संसर्गाने वरच्या जबड्याचे हाड कसे खाल्ले गेले, हे त्यात पाहता येते. या विवरात मिळालेली लालसर क्वार्टझाइट दगडाची एकुलती हातकुऱ्हाड ‘एक्सकॅलिबर’ हीदेखील येथेच आहे. मृतदेहांबरोबर ती हेतुपुरस्सर टाकली गेली असावी, असे उत्खननकर्त्यांना वाटते. मला मात्र एकाच वस्तूवर एवढा मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचे वाटते. ही माणसे निअँडरथल या नामशेष मानवप्रजातीच्या वंशशाखेतली होती, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनाने दाखवले, त्याला अधिक भक्कम आधार आहे.

एलिझाबेथ देनेस या शिल्पकर्तीने घडवलेले आदिमानवांचे पुतळे अतिशय सफाईदार आहेत. तरीही चेहऱ्यावरचे भाव आणि नजर हाडांतून कळत नाहीत, एवढे भान ठेवून ते पाहावेत.

संग्रहालयातून बसने उत्खननस्थळाची मार्गदर्शित फेरीही करता येते. खाणीच्या रेल्वेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगर कापला गेला आणि गाळाने भरलेल्या गुहा उघड्या पडल्या. त्यांपैकी ग्रान दोलिना येथे १९९४ साली सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या ‘होमो अँटिसेसर’ या आदिमानव प्रजातीचे अवशेष मिळाले. थरांवर थर चढलेली ती उंच भिंत समोर असली की काळाचा हिशेब कोणत्याही तक्त्यापेक्षा लवकर उमगतो, म्हणून आधी ही फेरी आणि मग तळघर, असा क्रम मी सुचवेन. प्रत्यक्ष ‘सिमा दे लोस उएसोस’ विवरात पर्यटकांना उतरता येत नाही, तेव्हा ती अपेक्षा आधीच बाजूला ठेवावी. उत्खनन उन्हाळ्यात चालते. काम करणारे संशोधक पाहायचे असतील, तर तोच हंगाम निवडावा आणि फेरीची जागा आगाऊ राखून ठेवावी.