मेशटॅस्टिकचे परीक्षण: मोजके बोलणाऱ्या वस्तीचे जाळे

मोबाइलचा टॉवर बंद पडला की एकाच वस्तीतील माणसे एकमेकांपासून किती लवकर तुटतात, याचा अनुभव एकदा घेतल्यावर आमच्या स्वयंसेवक गटाने मेशटॅस्टिक वापरून पाहायचे ठरवले. मेशटॅस्टिक हे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत भरायचे सॉफ्टवेअर, आहे. लोरा या रेडिओ तंत्रावर चालणाऱ्या तळहाताएवढ्या उपकरणांत ते भरले की ही उपकरणे सिमकार्ड, इंटरनेट किंवा कोणत्याही मध्यवर्ती यंत्रणेशिवाय एकमेकांचे निरोप पुढे पोहोचवू लागतात. मजकूर लिहायचा तो फोनवरच. फोन आणि उपकरण ब्लूटूथने जोडलेले असतात. केव्हिन हेस्टर यांनी 2020 मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा डोंगरदऱ्यांत भटकणारे लोक नजरेसमोर होते. वस्त्यांनी आणि मदतगटांनी तो पुढे आपलासा केला. आठ महिने 14 नोड (जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाला नोड म्हणतात) चालवल्यानंतर मी हे परीक्षण लिहीत आहे आणि ते एका प्रश्नापुरतेच आहे: सामुदायिक आणि सार्वजनिक कामासाठी या जाळ्यावर किती विसंबावे?

सुरुवातीलाच अपेक्षा नीट ठरवून घ्यावी लागते, कारण मेश, म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे नेणाऱ्या उपकरणांचे जाळे, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वाय-फायचे जाळे येते. कॅटालोनियातील ओसोना परिसरात 2004 मध्ये सुरू झालेले गुइफी-नेट हे त्याचे ठळक उदाहरण आहे. लोकांनी आपापल्या छपरांवर अँटेना लावून ते वाढवले, त्यात 30,000 हून अधिक नोड आहेत आणि त्यावरून घरोघरी इंटरनेट जाते. न्यूयॉर्कमधील रेड हुक वस्तीत 2012 च्या सँडी वादळानंतर एक छोटे वाय-फाय मेश चालू राहिले, त्याला आपत्ती व्यवस्थापन संस्थेने उपग्रहाची जोडणी दिली आणि रहिवाशांना त्यावरून बाहेरच्या जगाशी संपर्क साधता आला. मेशटॅस्टिककडून असे काही मिळणार नाही. त्यावरून फोटो जात नाही, आवाज जात नाही, संकेतस्थळ उघडत नाही. लाँगफास्ट या मूळ सेटिंगवर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 1 किलोबिट आहे. त्या बदल्यात मिळते ते अंतर. वाय-फायचा सिग्नल दोन-तीन भिंतींतच दमतो. हे उपकरण तेवढ्याच किंवा त्याहून कमी विजेवर, मध्ये अडथळा नसेल तर, काही किलोमीटर पलीकडे ऐकू जाते.

निरोप पुढे कसा सरकतो, हे वापरणाऱ्याने समजून घ्यायलाच हवे, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच आहे. एका नोडने पाठवलेला निरोप ज्यांना ऐकू येतो, ते सगळे क्षणभर थांबतात. ज्याला तो क्षीण ऐकू आला, तो बहुधा सर्वांत दूरचा असणार असे धरून त्याला आधी उच्चारण्याची संधी मिळते, आणि त्याने निरोप पुन्हा उच्चारलेला कानावर पडला की बाकीचे गप्प बसतात. प्रत्येक निरोपासोबत किती टप्पे शिल्लक आहेत याचा आकडा जातो. तो मुळात 3 असतो आणि फार तर 7 करता येतो. वरवर साधी वाटणारी ही रचना मला या प्रकल्पातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण येथे मार्गाचा नकाशा कोणाकडेच नसतो आणि एखादा नोड बंद पडला तर त्याची वर्दी कोणाला द्यावी लागत नाही.

उंचीचे महत्त्व मात्र कितीही सांगितले तरी पहिल्यांदा कोणाला पटत नाही. आमचा पहिला नोड खिडकीच्या कट्ट्यावर होता, तेव्हा त्याचा निरोप समोरच्या दोन इमारतींपलीकडे गेला नाही. तोच नोड, त्याच अँटेनासह, गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या कडेला बांधला आणि त्याच संध्याकाळी चार किलोमीटरवरील सहकाऱ्याचा प्रतिसाद आला. 14 नोडांपैकी प्रत्यक्ष भार असे उंचावरचे तीनच नोड वाहतात. बाकीचे खिशात किंवा टेबलावर असतात आणि या तिघांच्या जिवावर बोलतात. नवीन जाळे उभारणाऱ्यांनी दहा उपकरणे घेण्याआधी दोन चांगल्या जागा मिळवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. अँटेना बसवण्याआधी उपकरण चालू करू नये, ही सूचनाही गंभीरपणे घ्यावी. आम्ही ती एकदा विसरलो आणि एक रेडिओ कायमचा मुका झाला.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण आहे, जिचा उल्लेख इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. एका निरोपात सुमारे 200 बाइट मावतात. रोमन अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 लागतात, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘पुलावर पाणी आले, जाऊ नका’ हे एवढेसे वाक्य 62 बाइट खाते आणि हवेत साधारण एक सेकंद राहते. पूर्ण लांबीच्या निरोपाला दोन सेकंद लागतात, आणि तो तीन नोडांनी पुन्हा उच्चारला तर तीच वाहिनी आठ सेकंद अडून राहते. तेवढ्या वेळात तेथे दुसरा कोणी बोलला तर दोघांचेही बोलणे बुडण्याची शक्यता असते. आम्ही अखेर ठरावीक प्रसंगांना एकेका अक्षराचे संकेत दिले: ‘पू’ म्हणजे पूल बंद, ‘औ’ म्हणजे औषध हवे. सुरुवातीला हे पोरकट वाटले, पण सरावाच्या दिवशी संकेतात लिहिलेले निरोप पोहोचले आणि सविस्तर लिहिलेले अर्ध्याहून अधिक हरवले.

आमची सर्वांत मोठी चूक नोडांच्या भूमिका ठरवताना झाली. फर्मवेअरमध्ये प्रत्येक नोडला भूमिका देता येते आणि त्यात ‘राउटर’ हा पर्याय दिसताच गटातील बहुतेकांनी, आपण जाळ्याला मदत करत आहोत अशा समजुतीने, तोच निवडला. राउटर दुसऱ्या कोणाचे ऐकून गप्प बसत नाही. तो निरोप पुन्हा उच्चारतोच, आणि तोही इतरांच्या आधी. घरातल्या टेबलांवरील सात राउटरांनी शेजारी शेजारीच तिन्ही टप्पे संपवून टाकले आणि निरोप वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेनासा झाला. दोन आठवडे आम्ही अँटेनांना दोष देत होतो. उंचावरचे तीन सोडून सर्वांना पुन्हा ‘क्लायंट’ केले, ठिकाण आणि बॅटरीची माहिती पाठवण्याचे अंतर वाढवले, आणि जाळे त्याच दिवशी मोकळे झाले. प्रकल्पाची कागदपत्रे हेच सांगतात, पण सेटिंगच्या पडद्यावर ते इतक्या ठसठशीतपणे लिहिलेले नाही.

निरोपापुढे दिसणाऱ्या खुणेबद्दलही सावध राहावे. सामायिक चॅनेलवर पाठवलेल्या निरोपापुढे पोहोचल्याची खूण उमटते, तिचा अर्थ एवढाच की कोणत्या तरी एका नोडने तो ऐकून पुढे उच्चारला; ज्याच्यासाठी लिहिला त्याने तो वाचला असे त्यातून सिद्ध होत नाही. व्यक्तिगत निरोपाची पोच खुद्द समोरच्या नोडकडून येते, म्हणून महत्त्वाचा निरोप आम्ही व्यक्तिगतच पाठवतो. गुप्ततेचेही तसेच आहे. निरोप कुलूपबंद करणारी मूळ चॅनेलची किल्ली जगजाहीर असते. स्वतःची किल्ली तयार करून ती गटापुरती वाटल्याशिवाय त्यावर रुग्णाचे नाव किंवा घराचा पत्ता मुळीच लिहू नये. नकाशावर आपले ठिकाण किती बारकाईने दिसावे हेही ठरवता येते, आणि ते पहिल्याच दिवशी ठरवावे.

विजेच्या बाबतीत दोन जातीची उपकरणे मिळतात. ईएसपी32 चिपची उपकरणे सहज उपलब्ध असतात, पण आमच्याकडे ती एका बॅटरीवर साधारण दिवसभरच टिकली. एनआरएफ52840 चिपची त्याच बॅटरीवर कित्येक दिवस चालली. टाकीवरचा नोड या दुसऱ्या जातीचा आणि लहानशा सौरपट्टीवर आहे. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब मोजणारे संवेदक जोडण्याची सोय नीट चालते.

आता सार्वजनिक सेवेचा प्रश्न. विजेच्या मीटरांचे आकडे गोळा करणारी रेडिओ मेश जाळी अनेक देशांत वर्षानुवर्षे विश्वासाने चालतात, कारण तेथे प्रत्येक नोडची जागा, वेळ आणि बोलण्याचे प्रमाण एकाच संस्थेच्या हातात असते. मिनियापोलिसमध्ये 1 ऑगस्ट 2007 रोजी महामार्गाचा पूल कोसळला, तेव्हा शहरात उभारले जात असलेले वाय-फाय जाळे बचावकार्याच्या कामी आले. तेथील जाळ्यावरून कॅमेऱ्याची चित्रेही पाठवता आली. मेशटॅस्टिकमध्ये अशी हमी नाही आणि एवढी माहिती वाहून नेण्याची क्षमता तर नाहीच. अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेच्या मुख्य यंत्रणेच्या जागी ते ठेवण्याचा विचार कोणी मांडला तर मी स्पष्ट विरोध करेन. पण मुख्य यंत्रणेपर्यंत निरोप नेणाऱ्या माणसाला शोधण्यासाठी, कोणत्या गल्लीत कोण अडकले आहे हे मदतकेंद्राला कळवण्यासाठी, किंवा पाणी किती चढले हे तासातासाला सांगण्यासाठी, इतक्या कमी विजेवर आणि इतक्या कमी परवानग्यांत उभे राहणारे दुसरे साधन माझ्या वापरात आलेले नाही. परवानगीचा विषय पूर्ण सुटत नाही: प्रत्येक देशाची मोकळी वारंवारता आणि प्रक्षेपणाची मर्यादा वेगळी असते, आणि उपकरण घेतानाच ते आपल्या पट्ट्याचे आहे ना हे पाहावे लागते, कारण नुसते सेटिंग बदलून चुकीच्या पट्ट्याची अँटेना सुधारत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे देताना अर्धा तारा मी सेटिंगच्या पडद्यामुळे कापला आहे आणि एक निरोपाच्या अनिश्चिततेमुळे. आमच्या मदतपेटीत आता दोन राखीव नोड, भरलेल्या बॅटऱ्या आणि संकेतांचा एक छापील कागद असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता टाकीवरच्या नोडवरून हजेरी घेतली जाते. गेल्या वेळी 14 पैकी 11 जणांचे उत्तर आले, आणि उरलेल्या तिघांची उपकरणे चार्ज करायचीच राहून गेली होती.